मुठीतले मटार

मटार आले. ओमतीच्या नाक्यावर हातगाड्यांवर हिरवे ढीग लागले, पाटणकडून येणाऱ्या ट्रकांतून सांडलेल्या शेंगा गाई रस्त्यावर वेचायला लागल्या, आणि आमच्या गल्लीत दुपारच्या उन्हाला बायका मांडीवर परात घेऊन पायरीवर बसायला लागल्या. इतर गावांत ट्रंकेतून स्वेटर निघाले की थंडी आली म्हणत असतील. जबलपुरात अंगठ्याच्या नखाखाली हिरवं दिसलं की थंडी आली. पुढचे दोन महिने पोह्यांत मटार, पराठ्यात मटार, वाटून केलेला निमोना, नाहीतर नुसतेच उकडून मीठ लावलेले. जानेवारी सरता सरता घरात कुणी मटाराचं नाव काढलं तर माणसं उठून दुसऱ्या खोलीत जातात.

मी शेंग सोलते ती संशयानं. आधी उजेडात धरून बघते, मग देठाकडून उघडते, दाणे परातीत पडण्याआधी एकदा हातावर फिरवते. वरून चकचकीत शेंग आतून अळीनं पोखरलेली निघते आणि डागाळलेली, वाकडी शेंग आठच्या आठ गोड दाणे घेऊन बसलेली असते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्यामुळे आईची एक परात होते तोवर माझी वाटीसुद्धा भरत नाही. आई म्हणते, मी मटार सोलत नाही, मुलजिमाची झडती घेते.

तिचं खरं आहे. झडती घेणं हाच माझा धंदा. देशातल्या बँकांवर नजर ठेवणाऱ्या कचेरीत मी नोकरी करते. वर्षातले कितीतरी दिवस कुठल्या ना कुठल्या शाखेत जाऊन बसायचं, चहा नको म्हणायचं, आणि समोरचा माणूस जे आपणहून दाखवतोय ते सोडून दुसरंच काहीतरी मागायचं. ही खोड मग घरी येते. भाजीवाल्यानं आईची शपथ घेतली की मी पिशवीतलं सगळं परत ओतायला लावते. गॅस बंद केल्यावर पुन्हा जाऊन बघते. कुणी माझं तोंडावर कौतुक केलं की रात्रभर नसलं तरी तासभर तरी विचार करते, की ह्याला काय हवं असेल.

आणि ही नजर हल्ली देशापुरती राहिलेली नाही. आपली बँक दुसऱ्या देशात शाखा उघडते, तिकडची इकडे उघडते. मग त्या शाखेवर लक्ष कुणाचं, घरच्यांचं की तिथल्यांचं? एवढ्यासाठी जगभरचे पर्यवेक्षक युरोपातल्या एका थंड शहरात एकत्र बसतात आणि सगळ्यांना लागू पडेल अशी नियमावली ठरवतात. ती पाळलीच पाहिजे असं सांगणारा पोलीस मात्र तिथे नाही. मी माझ्या घरात नियम पाळते असं मी तुला लिहून कळवायचं, तू तुझ्या घरात पाळतेस असं तू मला, आणि दोघींनी एकमेकींवर विश्वास ठेवायचा. विश्वास हा शब्द आमच्या कागदांत फार येतो. जितक्या वेळा तो येतो तितक्या वेळा माझे कान टवकारतात.

असं असूनही एक जागा अशी होती, जिथे मी संशय दाराबाहेर चपलांपाशी काढून ठेवायची. सराफ्यातलं पोतदारकाकांचं दुकान. पोतदारांचं घराणं मराठ्यांच्या काळापासून जबलपुरात, सोनारकीच्या पेढीचं. आम्ही त्या मानानं कालचे. माझे आजोबा नागपूरकडून इथल्या तोफांच्या फॅक्टरीत कामाला आले, बाबाही फॅक्टरीतच होते. आमच्या दोन खोल्यांत सहा माणसं, शेजारी रेडिओ, त्यापलीकडे भांडणं. मला अधिकाऱ्यांच्या परीक्षेचा अभ्यास करायचा होता आणि बसायला जागा नव्हती. गावात खोल्या होत्या, पण आडनाव सांगितलं की त्या नुकत्याच कुणाला तरी दिलेल्या असायच्या. आईनं सहज काकांच्या दुकानात हे बोलून दाखवलं. काकांनी भिंग डोळ्यावरून न काढता वरच्या खोलीची किल्ली तिच्या पुढ्यात सरकवली.

त्या खोलीत मी दोन हिवाळे काढले. खिडकीतून खालची गल्ली दिसायची, समोरच्या ओट्यावर बसलेले किशोरीलालजी सोनी दिसायचे, आणि दुपारी तेजाबाचा तो नाकात चढणारा वास जिन्यानं वर यायचा. काकू थाळी भरून उकडलेले मटार पाठवायची. खालून हातोडीची टकटक आली की मला झोप यायची नाही, आणि ती थांबली की काहीतरी गडबड आहे असं वाटून पुस्तकातून मान वर व्हायची. टकटक थांबायची ती बहुतेक मुठीसाठी.

मूठ म्हणजे काय ते सांगायला हवं. सराफ्याच्या त्या गल्लीत मोलाचा दागिना एकट्या सोनारानं पारखायचा नाही असा रिवाज होता. समोरासमोरच्या दोन दुकानांतले दोघे यायचे. आपापल्या कसोटीच्या दगडावर दागिना घासायचा, तेजाबाचा थेंब टाकायचा, उमटलेली रेघ बघायची. सोनं चोवीस कॅरेटहून जितकं कमी, तितक्या गुंजा मुठीत घ्यायच्या. बावीसचं असेल तर दोन, अठराचं असेल तर सहा. मग दोघांनी एकदम मुठी उघडायच्या. कुणी आधी बोलायचं नाही. आकडे जुळले तर ठरलं, एकाचा फरक आला तर जो सोनं हलकं सांगतो त्याचं खरं, त्याहून जास्त फरक आला तर तिसऱ्याला बोलवायचं. हिवाळ्यात गुंजांची डबी कोण शोधतो, मांडीवर मटार असायचेच. काका आणि किशोरीलालजी समोरासमोर बसून मुठी उघडायचे आणि त्या हिरव्या दाण्यांवरून गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याचा रंग बदलायचा.

एकदा मी काकांना विचारलं होतं, की इतकी वर्षं शेजारी आहात, मग एकमेकांना सरळ सांगत का नाही? काका म्हणाले, "आधी सांगितलं तर त्याची नजर माझ्या आकड्यामागं जाते, बेटा. मग दोन माणसं बसून एकच काम करून राहिले ना."

परीक्षेच्या पुस्तकांत मी जगभरच्या नियमावल्या पाठ केल्या, पण आपला धंदा मला कळला तो त्या वाक्यात. पुढे नोकरी लागली, हाताखाली नवी मुलं-मुली आली, त्यांना मी मुठीची गोष्ट सांगायची. जणू काही ती माझ्याच घरची आहे अशा ऐटीत सांगायची.

तीन हिवाळ्यांपूर्वी ग्रेसबाई आल्या. आपल्या एका बँकेच्या शाखा आफ्रिकेच्या किनाऱ्याकडच्या एका देशात आहेत, आणि ग्रेसबाई तिथल्या पर्यवेक्षक. त्या बँकेनं तिकडे सोनं ठेवून कर्ज द्यायला नवीनच सुरुवात केली होती. हे काम घरी, म्हणजे आपल्याकडे, कसं चालतं आणि त्यावर आम्ही कशी नजर ठेवतो, हे बघायला त्यांना पाठवलं होतं. दोन देशांमध्ये तसा करार होता. सराफ्यातली शाखा निवडली गेली ती तिथलं काम चोख म्हणून, आणि सोबत मला धाडलं ते मी इथली म्हणून. त्या शाखेचे दोन व्हॅल्युअर म्हणजे सोनं पारखणारे कोण, तर पोतदारकाका आणि किशोरीलालजी. माझी त्यांची ओळख आहे हे मी कागदावर लिहून द्यायला हवं होतं. मी दिलं नाही. त्यात लिहिण्यासारखं काय आहे असं मला वाटलं, आणि दुसऱ्या कुणाला हेच वाटलं असतं तर मी त्याची खरडपट्टी काढली असती.

ग्रेसबाई पन्नाशीच्या, उंच, गुडघे दुखणाऱ्या. जबलपूरच्या थंडीत त्यांनी दोन शाली एकावर एक घेतल्या होत्या. शाखेत त्यांनी चहा नको म्हटलं तेव्हाच मी ओळखलं की बाई आपल्यातली आहे. दिवसभर त्या कमी बोलल्या. काका आणि किशोरीलालजी आले, मॅनेजरच्या टेबलावर दगड मांडले गेले, तिजोरीतून दागिने निघाले. किशोरीलालजींनी आधी घासून बघितलं आणि दागिना काकांच्या हातात दिला. काकांनी घासला, भिंग लावलं, थेंब टाकला. कुणीतरी मटाराची वाटी आणून ठेवली होती. मुठी उघडल्या, दोन आणि दोन. दुसरा दागिना, दोन आणि दोन. तिसऱ्याला तीन आणि तीन. मला इतका अभिमान वाटत होता की मी ग्रेसबाईंच्या चेहऱ्याकडे बघायचंही विसरले.

संध्याकाळी बडा फुहाऱ्याच्या बाजारातून चालत येताना त्यांनी मला विचारलं, की ह्या दोघांचे आकडे कधी जुळले नाहीत असं झालंय का? मी सांगितलं, सहा वर्षांत एकदाही नाही, ह्या भेटीच्या तयारीत मी स्वतः नोंदी बघितल्या आहेत. त्या थोडं चालल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या कचेरीत दोन तपासनीस वर्षभर एकमेकांशी सहमत झाले, तर त्या दोघांनाही बदलतात. दोन प्रामाणिक माणसांचं कधीतरी बिनसतंच.

मला राग आला. कुठून कुठून आलेली बाई, तिला आमच्या सराफ्याचं काय कळणार, हे माझ्या मनात आलं. आता लिहिताना लाज वाटते, पण आलं. कारण तिनं ज्या प्रश्नावर बोट ठेवलं होतं तो मी दुसऱ्या कुठल्याही शाखेत पहिल्या तासाला विचारला असता. त्या रात्री मला आठवलं की काकांची धाकटी मुलगी किशोरीलालजींच्या घरात दिलेली आहे. सहा-सात वर्षं झाली होती. लग्नात मी जेवून आले होते. दोघे व्याही झालेत ह्याचा आणि मुठींचा काही संबंध असेल, असं मला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रेसबाईंनी एक साधीच गोष्ट मागितली. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसावं, दागिना शिपायानं ट्रेमधून न्यावा, आणि आकडे मनात ठेवून मुठी इथे येऊन उघडाव्यात. मी ते काकांना मराठीतून सांगितलं. काकांनी शाल सारखी केली. म्हणाले, "वेगळ्या खोलीत काहून? आजवर तर समोरच बसून राहिलो." किशोरीलालजींनी गुडघ्याची तक्रार सांगितली, जिना चढवत नाही म्हणाले. कुणी जिना चढायला सांगितलंच नव्हतं. माझा संशय तेव्हा जागा झाला, कुठल्याही शाखेत होतो तसाच. फक्त इतर ठिकाणी त्याची मला मजा वाटते.

पाच दागिने गेले. चार तिजोरीतले आणि पाचवी ग्रेसबाईंच्या बोटातली अंगठी, जी अठरा कॅरेटची आहे हे त्यांनाच माहीत होतं. दोघे परत आले, टेबलाशी बसले. पहिल्या दागिन्याला दोन आणि दोन. दुसऱ्याला दोन आणि दोन. तिसऱ्याला किशोरीलालजींचे तीन, काकांचे दोन. चौथ्याला दोन आणि दोन. अंगठीला किशोरीलालजींच्या मुठीत सहा दाणे होते. काकांच्या मुठीत दोन.

मॅनेजर मटाराकडे बघत राहिला. ग्रेसबाईंनी अंगठी उचलून बोटात घातली आणि त्या, काही कारण नसताना, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. ते त्यांनी माझ्यासाठी केलं हे मला नंतर कळलं.

काकांनी लपवाछपवी केली नाही. भिंग काढून टेबलावर ठेवलं आणि माझ्या चेहऱ्याच्या थोडं डावीकडे बघत बोलले. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, पाच वर्षांपासून. भावाचा डोळा ऑपरेशननंतर गेला होता म्हणून भीती होती. शिवाय सोनाराचे डोळे गेले हे एकदा सराफ्यात कळलं की मग दुकानाची पायरी कोण चढतो? "सगळं पिवळं दिसून राहिलं होतं, बेटा," ते म्हणाले. "जे हाती येईल ते सोनं चांगलंच दिसे." किशोरीलालजी दागिना त्यांच्या हातात देताना अंगठ्यानं तळहात दाबायचे. जितक्या वेळा दाबला, तितके दाणे. मी ते दाबणं वर्षानुवर्षं बघितलं होतं. दोन म्हाताऱ्या व्याह्यांची माया समजून बघितलं होतं.

माया तर ती होतीच. किशोरीलालजी त्या दिवशी हिंदीत एवढंच म्हणाले, की आदमी की रोज़ी थी, मैडम, और सोना तो मैं सच्चा ही बता रहा था. ते खोटं नव्हतं. पुढच्या आठवड्यात भोपाळहून यंत्र आलं आणि तिजोरीतला दागिना न् दागिना तपासला गेला. सगळं बरोबर निघालं. एका पैचा फरक नाही.

आता इथे माझी खरी परीक्षा होती, आणि ह्या परीक्षेला खोली द्यायला कुणी नव्हतं. नुकसान काहीच नाही, मग लिहायचं काय? माझ्या वरिष्ठांनी फोनवर हेच सुचवलं. पाहुणी बाई चार दिवसांनी जाईल, व्हॅल्युअर वयामुळे आपणहून बाजूला झाले असं दाखवा, विषय मिटतो. माझ्या मनानं ते लगेच उचललं. मन किती चटकन तयार होतं ह्यावरूनच मला त्याचा संशय आला.

मग मी एक वेगळीच फाइल काढली. दरवर्षी आमची कचेरी ग्रेसबाईंच्या कचेरीला एक पत्र पाठवते आणि त्यांची आम्हाला, की ह्या बँकेचं आमच्या बाजूला ठीक चाललं आहे. आदल्या वर्षीचं आमचं पत्र मीच लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं: सोनं पारखणारे व्हॅल्युअर दरवर्षी बदलले जातात. मी ते कुठून घेतलं होतं? ग्रेसबाईंच्या कचेरीच्या पत्रातून. बँकेची ही पद्धत आहे असं त्यांनी लिहिलं होतं, मी नोंदी न उघडता मान डोलावली आणि उतरवून घेतलं. मी पत्र ग्रेसबाईंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, आणि मग फार हळू सांगितलं, की त्यांनी ते आमच्या त्याच्या आदल्या पत्रातून घेतलं होतं.

आम्ही दोघी त्या शाखेच्या मागच्या खोलीत बसलो होतो, जुन्या कॅलेंडरांच्या गठ्ठ्यांशेजारी. आमच्या पत्रात ते आधी कुणी घातलं हे आजतागायत सापडलं नाही. व्हॅल्युअर कधीच बदलले नव्हते. सहा वर्षं तेच दोघे होते, आणि दोन देशांच्या दोन कचेऱ्या एकमेकींचा तळहात दाबून ते बदलतात असं सांगत होत्या. जगभरची माणसं त्या थंड शहरात बसून जी नियमावली लिहितात, तिच्या एका पानाचं माझ्या हातून हे झालं होतं. काकांना निदान मोतीबिंदू तरी होता. ग्रेसबाई अचानक हसायला लागल्या, मग मीही हसले, आणि हसता हसता मला रडू आलं. त्यांनी त्यांची एक शाल माझ्या खांद्यावर टाकली. शाल आमच्याच बडा फुहाऱ्यावरून घेतलेली होती.

मी सगळं लिहिलं. काकांचं लिहिलं, किशोरीलालजींचं लिहिलं, पत्राचं लिहिलं, आणि काका माझ्या ओळखीचे होते व हे मी सांगितलं नव्हतं हेही लिहिलं. आईला कळलं तेव्हा ती भांडी घासत होती. तिनं नळ बंद केला. "त्यांच्याच घरात बसून शिकली न तू," ती म्हणाली. "अन् आता त्यांचंच नाव लिहून राहिली. दुसरं कोणी लिहिलं असतं तर मले इतकं लागलं नसतं." मी म्हटलं, दुसऱ्या कुणी लिहिलंच नसतं. तिनं नळ पुन्हा सोडला आणि त्या हिवाळ्यात माझ्याशी कामापुरतंच बोलली. घरात मटार आले, पण निमोना झाला नाही.

काकांचं आणि किशोरीलालजींचं बँकेचं काम गेलं. सराफ्यात गोष्ट पसरायला एक दुपार पुरली. काकांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि ते अर्धंच राहिलं. माझ्या नावापुढे एक शेरा लागला आणि बढती पुढे गेली, त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते त्या गल्लीतून जाताना. मी पलीकडच्या रस्त्यानं जायला लागले. एकदा काकू भाजीबाजारात समोर आली आणि तिनं माझ्याकडे बघून पदर डोक्यावर घेतला, परक्या माणसासमोर घेतात तसा.

एक मात्र झालं. ग्रेसबाई आणि मी आता एकमेकींचं पत्र आधी वाचत नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मिनिटाला दोघी आपापलं पत्र एकदम पाठवतो. त्यांच्या कचेरीतले लोक ह्या पद्धतीला मराठीतच मूठ म्हणतात असं त्या सांगतात. पहिल्याच वर्षी तीन ठिकाणी आमचं जुळलं नाही. त्या तीन ठिकाणांवर आम्ही दोघी आठवडाभर भांडलो. मला अनेक वर्षांनी नोकरीत बरं वाटलं.

पण खरं सांगू, ह्या पद्धतीनं माझं समाधान झालं असं नाही. संशय घ्यायला मला पगार मिळतो. तो कुठे घ्यायचा हे कोण शिकवणार? परक्यावर घेणं सोपं असतं. ज्यानं किल्ली पुढे सरकवली त्याच्यावर कसा घ्यायचा, आणि घेतल्यावर त्याच्यासमोर कसं उभं राहायचं, ह्याचं कलम मला कुठल्याच नियमावलीत सापडलेलं नाही. शिवाय एक जुनी गोष्ट मला टोचत होती. मला पहिली बढती मिळाली तेव्हा मी आईच्या मोडक्या दागिन्यांचं सोनं आटवून काकांकडून तिच्यासाठी दोन बांगड्या करून घेतल्या होत्या. घरचं सोनं, त्यावर शिक्का कुठला. किशोरीलालजींना बोलवू का, असं काकांनी तेव्हा विचारलं होतं. मीच म्हटलं, घरच्या कामाला कसली मूठ? काका बावीस म्हणाले आणि आई बावीस समजून घालत आली. नंतर हिशोब लावला, तो मोतीबिंदूचा पहिलाच हिवाळा असणार.

गेल्या आठवड्यात काकांचा निरोप आला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, दोन्ही डोळे साफ झाले होते. निरोप आईकडे आला, पण माझ्यासाठी होता: त्या बांगड्या घेऊन ये. साबणाचं पाणी लावून आईनं बांगड्या हातातून उतरवल्या आणि रुमालात बांधून माझ्या पुढ्यात ठेवल्या.

मी सकाळी आधी बडा फुहाऱ्यापाशी एका दुकानात गेले, जिथे सोनं तपासायचं यंत्र आहे आणि जिथे मला कुणी ओळखत नाही. दोन मिनिटांत कागद हातात आला. एकवीस, म्हणजे मुठीत तीन दाणे. एका कॅरेटनं आईचं काही बिघडत नव्हतं. पण हे त्यांच्यासमोर उघडायचं, पुन्हा एकदा, तेही मीच.

सराफ्यात शटर पूर्ण वर होतं. काका ओट्यावर उन्हात बसले होते, काळा चष्मा कपाळावर चढवलेला, समोर टोपलीत मटार. तीन हिवाळ्यांनी ते माझ्या डोळ्यांत बघत होते, डावीकडे नाही. "ये," म्हणाले. "तू इतकी बारीक आहेस हे मले माहीतच नव्हतं." काकूनं आतून पाण्याचा पेला आणून ठेवला आणि ती परत गेली. काकांनी रुमाल सोडला, बांगडी दगडावर घासली, थेंब टाकला. भिंग लावून ते इतका वेळ बघत राहिले की समोरच्या ओट्यावर शेंगा सोलणारे किशोरीलालजी थांबले. मग काकांनी टोपलीत हात घातला आणि मूठ मिटली.

"मूठ कर," ते मला म्हणाले. "तू दुसरीकडे दाखवून आली असशील. आली ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, बरं केलंस अशा अर्थानं. मी टोपलीत हात घातला. कागद माझ्या पर्समध्ये होता आणि आकडा डोक्यात होता. समोर ते नवे डोळे होते, आणि वरच्या खोलीची खिडकी उघडी होती. मी मूठ मिटली.

आम्ही एकदम उघडल्या. त्यांच्या तळहातावर तीन दाणे होते. माझ्या तळहातावर दोन.

काकांनी माझ्या हाताकडे बघितलं. चुकलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, पण रागानं नाही. मग विचारलं, "मशीन काय म्हणते?"

"तीन," मी म्हणाले.

त्यांनी टोपलीतून एक मटार उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला.